वजन म्हणून

"वैजू, एक ध्यानात ठेव. ही जीप आता रिकामी पळवायची न्हाई," दस्तगीरमिस्त्री गाडीखालून बोलले. त्यांचे फक्त पाय दिसत होते, आणि त्यातल्या एका पायात चप्पल नव्हती.

"तुमच्या तोंडात साखर पडो, चाचा," मी म्हटलं.

पाना थांबला. "म्हंजे?"

"म्हणजे न्हाई पळणार रिकामी. रोज भरून वाहील."

"अगं, तसं न्हवं..." म्हणत ते बाहेर यायला लागले, तेवढ्यात दारात उसाचा ट्रक येऊन भोंगा वाजवत उभा राहिला. चाचा तिकडं धावले आणि त्यांचं बोलणं राहून गेलं. मीही विचारलं नाही. आमची वडापची जीप. निवळेवाडी ते मलकापूर, दिवसाला चार खेपा, आत सोळा माणसं आणि टपावर दुधाच्या किटल्या. वडापवाल्याची गाडी रिकामी पळाली की दिवस वाया. त्यामुळं 'रिकामी पळवायची न्हाई' हे कुणीही म्हटलं तरी आम्हाला तो आशीर्वादच वाटायचा. मी मनोभावे नमस्कार करून गाडी बाहेर काढली.

जुने कमानपाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसून पार सपाट झाले होते. गाडी भरली आणि खड्डा आला, की मागचा आस धाडकन वर आपटायचा आणि बाकावरची बाई आधी देवाचं नाव घ्यायची, मग माझं. आमच्या वडिलांचे, आबांचे गुडघे गेल्यापासून दोन वर्षं जीप मीच चालवत होते, त्यामुळं सगळ्या शिव्या माझ्याच वाट्याला. चाचांनी आता कंपनीचेच पाटे घातले, पण माल वाहायच्या गाडीचे. दोन पानं जास्त, प्रत्येक पान जाड, आणि जोडीला मनगटाएवढे शॉकअप. जीप चार बोटं उंच झाली. दुसऱ्या दिवशी सोळा माणसं घातली तर अशी गेली, की हौसाबाई बाजारकर चक्क झोपली. मलकापुरात तिला हलवून उठवावं लागलं. मला तर गाडीचा मुका घ्यावासा वाटला!

हा सगळा खटाटोप लग्नासाठी होता. माझी थोरली बहीण उज्ज्वला, आमची उजा, हिचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. लग्न नवऱ्याच्या दारात, चिंचवड्याला. मध्ये म्हसोबाची खिंड आणि अकरा किलोमीटर दगडमातीचा रस्ता.

त्या रात्री जेवताना उजा म्हणाली, "आबा, मला दुसरं काय नको. लग्नात तात्या पाहिजेत."

आबांनी ताटातली भाकरी मोडली. "त्याला कोण नको म्हंतंय? यायचं तर यावं."

"बोलवल्याशिवाय ते येणार न्हाईत."

"मग नको येऊ दे."

तात्या म्हणजे आबांचा धाकटा भाऊ, केरबा चौगुले, पैलवान. एकशे वीस किलो वजन, दोन्ही कान मोडलेले, आणि आवाज असा की गाईनं दूध चोरावं. उजा लहानपणी त्यांच्याच खांद्यावर बसून सगळ्या जत्रा फिरली. पण चार वर्षांपूर्वी म्हसोबाच्या जत्रेत तात्यांच्या पठ्ठ्याची, सर्जेरावची कुस्ती लागली. पंच होते आमचे आबा. सर्जेरावनं समोरच्याला खाली घेतला, तात्या ओरडले, "पाठ लागली!" आणि आबा म्हणाले, "न्हाई लागली. कुस्ती बरोबरीत." झालं! तेव्हापासून भावाभावांत बोलणं बंद. तात्यांनी खिंडीतल्या शेतघरात बिऱ्हाड हलवलं, तिथंच लाल मातीचा हौद केला, आणि पठ्ठे घेऊन राहायला लागले.

बायकांनी मात्र हे भांडण कधी मनावर घेतलं नाही. आई आणि तात्यांची बायको शेवंताकाकू दर बाजारी भेटायच्या, आणि उजाच्या रुखवताचा मुख्य मान काकूनंच मागून घेतला होता. कुरडयांचा मनोरा. सात मजली. पांढऱ्याशुभ्र, मध्ये हिरव्या आणि गुलाबी कुरडयांच्या ओळी, सगळ्या पाकानं एकमेकींना चिकटवलेल्या, वर साखरेचा कळस. तळलेली कुरडई कशी असते ठाऊक आहे ना? तिच्याकडं नुसतं रोखून बघितलं तरी मोडते. आणि उजाची होणारी सासू म्हणजे रुखवताची परीक्षा घेणारी बाई, दुसऱ्याच्या रुखवतातल्या करंज्या मोजायची.

रात्री अंथरुणावर उजानं माझा हात धरला. "वैजे, तू काय बी कर. तात्यांना आण."

"कसं आणू? पोत्यात घालून?"

"कसं बी," ती म्हणाली आणि तोंड फिरवून रडायला लागली. आता मला सांगा, मी काय करणार होते?

लग्नादिवशी सकाळी उजा, आई आणि बायका टेंपोनं पुढं गेल्या. वऱ्हाड ट्रॅक्टरवर चढत होतं. जीपसमोर उभं राहून आबांनी हुकूम सोडला, "जीपमध्ये दुसरं कुणी बसायचं न्हाई. रुखवताला सबंध गाडी. निवांत जाऊ दे, ऐसपैस." पाहुण्यांनीही माना डोलावल्या. मानाची वस्तू, तिला एकटीला गाडी, यापेक्षा मोठा मान कुठला! मी आणि आबा तेवढे पुढं बसलो आणि काकूकडनं मनोरा आणायला रिकामी जीप घेऊन निघालो. गाडी जरा उड्या मारत होती, पण मला वाटलं, लग्नाची सकाळ, तिलाही आनंद झाला असेल.

खिंडीत शेतघरासमोर गाडी लावली. आबा खाली उतरले नाहीत. ते समोरच्या डोंगराकडं असे बघत बसले, जणू तो आजच उगवलाय. तात्या अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी आमच्याकडं पाठ केली आणि भिंतीकडं बघायला लागले. मी, काकू आणि सर्जेराव अशा तिघांनी मिळून चौरंगासकट मनोरा उचलला आणि मागं गादीवर ठेवला. काकूनं कळसाची दृष्ट काढली.

"नीट ने गं बाई. तीन महिने माझे डोळे गेलेत त्यात."

"काकू, गाडीला नवे पाटे घातलेत. पोटातलं पाणी हलणार न्हाई."

पहिला खड्डा वळणावरच आला. जीप अशी उडाली की माझं डोकं टपाला लागलं. मागून आवाज आला, कर्रर्र. मी गाडी आणखी हळू केली. मग दगडाची चढण आली. बारीक दगडावरून गेलं तरी मागचं सगळं थाडथाड उडत होतं. कर्रर्र, टप, टप. आबांनी मागं वळून बघितलं आणि नुसतं म्हणाले, "वैजू, थांबव."

दोन खालचे मजले सुटले होते. गादीवर कुरडयांचा चुरा पडला होता, आणि मनोरा एका अंगाला कलला होता.

"तू नवे पाटे म्हणाली होतीस ना?"

"नवेच हायत, आबा! सोळा माणसं असताना लोण्यासारखी चालती हो!" आणि हे बोलता बोलता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दस्तगीरचाचांचं अर्धवट राहिलेलं बोलणं. रिकामी पळवायची न्हाई! तो आशीर्वाद नव्हता हो, तो इशारा होता. जड पाट्यांना ओझं लागतं. ओझं असलं की ते दबतात, झोका देतात. वर काही नसलं की ते मोकळे राहतात आणि प्रत्येक खडा गाडीला जसाच्या तसा पोचवतात. आणि आम्ही मान द्यायचा म्हणून गाडी रिकामी करून आणली होती!

"आबा, गाडीला वजन पाहिजे."

"दगड भरू या."

"दगड घरंगळतील. वळणावर एक जरी सरकला तर मनोरा गेला. पोती असती तर चाललं असतं, पण आता मे महिन्यात पोती कुणाकडं? वजन असं पाहिजे की जे धरून बसेल. आपलं आपण सावरेल."

आबा माझ्याकडं बघत राहिले. देवाशपथ, मी तोंडातून तात्यांचं नाव काढलं नाही. मी फक्त गाडी उलटी वळवली.

काकू धावतच बाहेर आली. चुरा बघून तिनं तोंडावर हात मारला, पण बाई मोठी धीराची. "दुरडीभर जादा तळून ठेवल्यात मी. पाक पण हाय. अर्ध्या तासात लावते. पण परत तेच होणार असलं तर लावून काय उपयोग?"

"न्हाई होणार, काकू. वजन मिळालं तर न्हाई होणार."

"किती?"

"तीन-चार क्विंटल."

काकूनं अंगणात बघितलं. अंगणात तात्या होते. हौदाच्या कडेला सर्जेराव आणि आणखी दोन पठ्ठे अंगाला माती लावून उभे होते. काकूच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि ते लपवायला ती पाक आणायच्या निमित्तानं आत पळाली.

आबा गाडीतून उतरले. चार वर्षांत पहिल्यांदा त्या अंगणात त्यांचा पाय पडला. ते तात्यांपासून दहा पावलांवर उभे राहिले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "वैजू, त्यास्नी सांग. वजन पाहिजे."

तात्या भिंतीकडं बघून म्हणाले, "वैजू, तुझ्या बापाला सांग. बोलवणं असल्याशिवाय केरबा चौगुला कुणाच्या लग्नाला जात न्हाई."

"त्याला सांग, बोलवणं न्हाई. वजन म्हणून."

"नुसतं वजन?"

"नुसतं वजन."

मी दोघांच्या मध्ये उभी. मान या बाजूला, मान त्या बाजूला. कुणाचंच काही पोचवायची गरज नव्हती, दोघांचे आवाज डोंगरापलीकडं जात होते.

तात्यांनी मोडका कान खाजवला. मग म्हणाले, "पाहुणा म्हणून गेलं तर कमीपणा हाय. वजन म्हणून गेलं तर काय कमीपणा न्हाई. काय रं सर्जेराव?"

"न्हाई वस्ताद," सर्जेराव म्हणाला. त्याच्या तोंडात कुरडईचा चुरा होता.

"मग अंगं धुवा. आणि धुतलेलं नेसा," तात्या उठत म्हणाले. "वजन असलं म्हणून काय झालं, लग्नघरात जायचंय."

स्वतः तात्या आत गेले ते इस्त्रीचा पांढरा नेहरू शर्ट आणि कोरं धोतर नेसून बाहेर आले. त्या घरात कोरं धोतर आणि इस्त्री केलेला शर्ट हाताशी कसा काय तयार होता, हे मी विचारलं नाही, काकूनं सांगितलं नाही.

मनोरा पुन्हा उभा राहिला. चार पैलवान मागं चढले तशी जीप एकेक बोट खाली बसत गेली. सुखानं श्वास सोडावा तशी. समोरासमोरच्या बाकांवर दोघं दोघं बसले आणि चौघांनी चौरंगाची चार टोकं धरली. ज्या हातांनी माणसं उचलून आपटली, त्या हातांची बोटं कुरडईला लागू नयेत म्हणून आखडून धरलेली. काकू पुढं माझ्या आणि आबांच्या मध्ये बसली. तिला कुणी बोलवलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नाही. "मनोरा माझा हाय," एवढंच म्हणाली.

आणि काय सांगू, काय गाडी गेली! तोच खड्डा, तीच दगडाची चढण. जीप दबायची, हळूच वर यायची, पुन्हा दबायची. वळणावर चौघे पैलवान एकदम उलट्या बाजूला झुकायचे.

"डावीकडं, डावीकडं! अरे, हळू, ती लग्नाची कुरडई हाय, मोळी न्हवं!" तात्या मागून सूचना देत होते.

"वस्ताद, कळस हालतोय."

"मग श्वास धर!"

आबा समोर बघत होते, पण त्यांच्या मिशा थरथरत होत्या. एकदा त्यांनी खोकल्याचं निमित्त करून तोंडाला उपरणं लावलं. मला आरशात दिसलं, ते हसत होते. मीही हसले आणि काकू तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. गाडी चालवताना इतका आनंद मला कधी झाला नव्हता, अगदी पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं तेव्हाही नाही.

चिंचवड्यात मनोरा जसाच्या तसा उतरला. उजाच्या सासूनं भोवती दोन चकरा मारल्या, वाकून खालचा मजला बघितला, आणि "कुणी केलाय हो?" एवढंच विचारलं. त्या बाईच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे सुवर्णपदकच. काकूनं पदर सारखा केला.

पण तात्या गाडीतून उतरले नाहीत.

"माल पोचला," ते म्हणाले. "वजनाचं काम संपलं. आम्ही इथंच बसतो. तुमचं उरकलं की परत न्या."

शेजारी तीन पठ्ठे मसालेभाताचा वास घेत बसले होते. त्यांचे चेहरे बघवत नव्हते. पण वस्तादापुढं बोलायची कुणाची टाप?

मी उजाकडं गेले. ती मुंडावळ्या बांधून पाटावर बसली होती. "आणलं तात्यांना," मी कानात म्हटलं.

ती उठायलाच लागली. "कुठं हायत?"

"गाडीत. बोलवणं न्हाई म्हणून आत येत न्हाईत."

तिनं आबांना बोलावलं. मांडवाबाहेरच्या जीपकडं बोट केलं. आबांनी मान खाली घातली. मग कुणाकडं तरी हात करून एक गुलाबी फेटा मागून घेतला आणि तो हातात धरून ते मांडवाबाहेर निघाले. मी त्यांच्या मागं.

जीपच्या मागं येऊन ते उभे राहिले. या वेळी माझ्याकडं बघून बोलले नाहीत.

"केरबा," ते म्हणाले. "पाठ लागली होती."

तात्यांना कळलंच नाही. "काय?"

"सर्जेरावची कुस्ती. पाठ लागली होती. मी हातभर अंतरावर होतो, मला दिसलं. पण पंच मी आणि वस्ताद माझा भाऊ. लोक म्हणाले असते, घरच्या माणसाला निकाल दिला. मला भ्या वाटलं रं. म्हणून बरोबरीत सोडवली." त्यांनी फेट्याचं टोक बोटाला गुंडाळलं. "चार वर्षं जीव खातंय मला हे."

सर्जेरावचा आ वासला. मीही चाट पडले. आबांनी आयुष्यात कुणापुढं चूक कबूल केल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

तात्या जाग्यावरून उठले. ते खाली उतरले तशी जीप बोटभर वर आली. ते आबांसमोर येऊन उभे राहिले, आणि मला वाटलं आता गळ्यात पडणार.

"न्हवती लागली, दादा," तात्या म्हणाले.

"काय?"

"पाठ न्हवती लागली. ह्या पोराचा डावा हात सुटला होता, खालच्याचा खांदा दोन बोटं वर होता. मी आखाड्याच्या कडेला होतो, मला स्वच्छ दिसत होतं. पण वाटलं, पंच आपला दादा हाय, ओरडलं तर देईल निकाल. तू न्हाई दिलास, मग मला माझीच लाज वाटली आणि लाजंचा झाला राग."

"खोटं बोलू नगंस! लागली होती!"

"लग्नाच्या दारात मी खोटं बोलीन? न्हवती लागली!"

"अरे, मी पंच होतो!"

"अरे, मी वस्ताद होतो! सर्जा, तू सांग!"

सर्जेराव बिचारा दोघांकडं बघत राहिला. "मला काय ठावं, वस्ताद? माझं तोंड मातीत होतं."

दोघांचे आवाज चढले. वऱ्हाड गोळा झालं, ताशेवाले वाजवायचे थांबले. भटजी मांडवाच्या दारातून "मुहूर्त, मुहूर्त" करत होते, पण ऐकतो कोण! आबा फेटा नाचवत होते, तात्या मांडी थोपटत होते. एक जण म्हणत होता माझी चूक, दुसरा म्हणत होता छे, माझीच. आणि दोघांपैकी कुणी माघार घ्यायला तयार नव्हता.

तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि मुंडावळ्या सावरत, शालू हातात उचलून धरत नवरी स्वतः बाहेर आली. सासरची सगळी माणसं बघत होती. उजानं कमरेवर हात ठेवले.

"आबा, तात्या, आता या क्षणाला दोघं आत आला न्हाई तर दोघांची पाठ मी लावीन!"

मग पहिली हसली ती तिची सासू. आणि मग सगळा गाव.

आबांनी फेटा तात्यांच्या डोक्यावर ठेवला, पण त्याचं टोक काही त्यांना सापडेना, त्यामुळं तात्यांनी आपला आपणच बांधला. आत जाऊन दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले. अंतरपाट धरला गेला, भटजींनी सूर लावला, आणि मला मागून हळू आवाजात ऐकू येत होतं.

"लागली होती."

"न्हवती, दादा."

अक्षता टाकायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. सगळं संपल्यावर दोघांनी आपापली मूठ एकदमच उजाच्या डोक्यावर रिकामी केली, आणि ती मान वर करून, काजळ पार गालावर ओघळलेलं, खदखदून हसली.